लार्चफील्डचा वाडगा

थेल्मा हॉयलला भांडता येत नाही. दुकानातून आणलेल्या बटाट्यांत चार कुजके निघाले, तर ती कुजका भाग कापून टाकते आणि उरलेल्याचं सूप करते. मी असते तर ते बटाटे दुकानदाराच्या गल्ल्यावर ओतले असते, आणि ओतलेही आहेत. आमच्या दोघींच्या घरांची भिंत एक. त्यामुळे तिच्या वाट्याची भांडणंही बहुतेक मीच करत आले. बसची फेरी रद्द केली तेव्हा, लायब्ररीला कुलूप घालायला निघाले तेव्हा, गल्लीतली छपरं गळत होती आणि नगरपालिका पुढच्या वर्षी बघू म्हणत होती तेव्हा. मोर्च्यात मी पुढे असायची आणि थेल्मा सगळ्यांत मागे, हातात फलक नाही, चहाचा थर्मास.

म्हणून वाडग्याचं प्रकरण सुरू झालं तेव्हा मला वाटलं, हे तर अगदीच किरकोळ. वस्तू हिची, चुकून त्यांच्याकडे राहिली, परत आणायची. आज मला कुणी विचारलं की तो वाडगा नेमका कुणाचा, तर मला छातीठोकपणे सांगता येत नाही. आणि छातीठोकपणे न सांगता येण्याची मला सवय नाही.

थेल्मा जन्मली ती नदीकाठच्या खालच्या गल्लीत, ओल्डरॉइडांच्या कापड रंगवायच्या कारखान्यामागे. त्या काळी आमच्या ब्रॅकनशॉ गावाची नदी कारखाना सांगेल त्या रंगाची वाहायची. लष्कराचं काम आलं की खाकी, शाळांच्या गणवेशांचं आलं की निळी. थेल्माच्या बापाचे हात कोपरापर्यंत निळे, रविवारी चर्चमध्ये तो हात खिशात घालून बसायचा. आई आयव्ही क्रॅबट्री रोज सकाळी टेकडी चढून मालकांच्या बंगल्यावर जायची, लार्चफील्डला. पायऱ्या घासायच्या, शेगड्यांना काळं पॉलिश लावायचं, पितळ उजळायचं. थेल्मा स्वतः शाळा सुटल्या सुटल्या गिरणीत लागली, आणि गिरणी बंद पडल्यावर शाळेच्या स्वयंपाकघरात. तिथं तिनं जन्म काढला. गावातले टकले बाप्ये अजून तिला रस्त्यात पाहून बाजूला होतात, कारण लहानपणी तिनं त्यांना गाजरं संपवल्याशिवाय उठू दिलेलं नाही. नवरा क्लिफर्ड बस चालवायचा, तो गेला. मुलगा ऑस्ट्रेलियात, पर्थला, रविवारी फोन करतो. आणि निवृत्त झाल्यावर ही बाई टेकडी चढून गेली ती थेट आईच्याच जागी, लार्चफील्डच्या स्वयंपाकघरात, स्वयंसेविका म्हणून.

लार्चफील्ड आता कुणाचं राहतं घर नाही. ओल्डरॉइडांतली शेवटची मिस हेस्टर वारली, तिनं घर गावाला ठेवलं, आणि तेव्हापासून एक विश्वस्त मंडळ ते जपून आहे. राणी व्हिक्टोरियाच्या काळातलं सुखवस्तू कुटुंब आत्ताच फिरायला गेलंय आणि जेवणवेळी परतणार आहे, असा सगळा थाट. टेबलावर अर्धा विणलेला मोजा. मुलांच्या खोलीत लाकडी घोडा. गालिचे विटतील म्हणून पडदे कायम अर्धे ओढलेले. लोकांनी खुर्च्यांवर बसू नये म्हणून प्रत्येक खुर्चीत एकेक पाइनचं बोंड ठेवलेलं. 'बसू नका' अशी पाटी लावणं उद्धटपणाचं, टोचणारं बोंड ठेवणं सभ्यपणाचं.

मला त्या घराचा पहिल्यापासून राग. मी थेल्माला म्हणायचे, "तुझ्या बापाचे हात निळे झाले त्यातून हे पडदे आले. आणि तू जाऊन ते ब्रशनं झटकतेस, तेही फुकट."

"पडद्यांनी काय केलंय तुझं?" ती म्हणायची. "आणि फुकट कुठं? चहाबरोबर केक मिळतो."

"केक तूच करून नेतेस."

"म्हणून तर बरा असतो."

आता वाडगा. मोठा, जाड, पिवळसर मातीचा, आतून पांढरा, बाहेरून चौकटींची नक्षी, काठाला एक टवका गेलेला. शाळेची मुलं लार्चफील्ड बघायला यायची होती आणि त्यांना पाव कसा मळत ते दाखवायचं होतं. संग्रहातल्या भांड्यांना कणीक लावायची नाही असा नियम, म्हणून थेल्मानं घरून आपला वाडगा नेला. काम झाल्यावर धुऊन ओट्याखाली ठेवला. जड होता, नेऊ पुढच्या खेपेला म्हणाली. पुढची खेप आलीच नाही, कारण मध्ये तिचा गुडघा आला. तो बदलायला ती दवाखान्यात गेली ती नेमकी ऑक्टोबरच्या शेवटी, लार्चफील्ड हिवाळ्यापुरतं बंद करतात त्या आठवड्यात. त्याला तिथं 'घर निजवणं' म्हणतात. सगळ्या सामानावर पांढऱ्या चादरी घालतात, पुस्तकं एकेक करून मऊ ब्रशनं झाडतात, घड्याळं थांबवतात.

नवी व्यवस्थापक इमोजेन. दक्षिणेकडून आलेली, शिकलेली, सदा स्वेटरच्या बाह्यांत हात ओढून घेणारी पोर. तिनं ठरवलं, यंदा घर निजवता निजवता राहिलेल्या वस्तूंवर नोंदीचे क्रमांक घालून टाकू. स्वयंपाकघरातल्या फळीवर तसलेच पिवळे वाडगे एकात एक बसवून ठेवले होते, आणि त्यातला मधला एक नव्हता. ओट्याखाली तिला थेल्माचा सापडला. तिनं तो मधे ठेवून पाहिला. बरोबर बसला.

नोव्हेंबरात थेल्मा काठी टेकत तो आणायला निघाली तेव्हा मी सोबत गेले. ढवळायचा रविवार जवळ आला होता. आमच्याकडे ख्रिसमसच्या पुडिंगचं मिश्रण त्या रविवारी कालवतात, घरातल्या प्रत्येकानं डाव एकदा फिरवायचा आणि मनातल्या मनात काहीतरी मागायचं. क्लिफर्ड गेल्यापासून थेल्माकडे डाव फिरवायला ती आणि मी. आणि ते मिश्रण तिच्या आईपासून त्याच वाडग्यात होत आलेलं.

इमोजेननं वाडगा उलटा करून दाखवला. बुडाला वार्निशचा ठिपका आणि त्यावर मुंगीएवढे आकडे.

"मिसेस हॉयल, मला फार वाईट वाटतंय. मला वाटलं, इथलाच आहे."

"असू दे गं पोरी," थेल्मा म्हणाली. "दिसतोच तसा."

"मग द्या आता," मी म्हणाले.

"तेच तर. एकदा क्रमांक पडला की ती संग्रहातली वस्तू होते. संग्रहातलं काही बाहेर काढायचं तर विश्वस्तांचा ठराव लागतो."

"क्रमांक कुणी घातला?"

"मी."

"मग पुसा. पुसला जात नाही का?"

"पुसला जातो," इमोजेन अगदी बारीक आवाजात म्हणाली. "पण पुसायलाही ठराव लागतो."

थेल्माला हसू फुटलं. मला नाही फुटलं. मी म्हणाले, "म्हणजे मी उद्या इथं माझी छत्री विसरले तर ती राणी व्हिक्टोरियाची होणार."

"जोसी, बिचारीला रडवू नकोस," थेल्मा म्हणाली. "ठराव तर ठराव. दोन मिनिटांचं काम."

विश्वस्तांची बैठक लार्चफील्डच्या जेवणघरात भरते. मधे ते शिसवी टेबल, भोवती त्या काळच्या खुर्च्या, त्यांत बोंडं, म्हणून मंडळी भिंतीकडेला घडीच्या खुर्च्यांवर बसतात आणि चहाचे कप मांडीवर धरतात. अध्यक्ष मिस्टर लँगडेल, निवृत्त दंतवैद्य. माणूस वाईट नाही. फक्त त्याला समोरच्यानं तोंड उघडं ठेवून गप्प बसण्याची सवय झालेली आहे.

"मिसेस हॉयल, यात वादाचं काहीच नाही," तो म्हणाला. "निव्वळ नोंदीसाठी विचारतो, हा वाडगा तुमच्याकडे कुठून आला?"

"आईचा."

"आणि त्यांच्याकडे?"

थेल्मानं तोंड उघडलं आणि मिटलं. मग म्हणाली, "आई इथं कामाला होती."

कुणीतरी चमचा बशीत ठेवला. मला कुणी चोर म्हटलं असतं तर मी त्याला उत्तर दिलं असतं, पण न म्हटलेल्याला काय उत्तर देणार? लँगडेल म्हणाला, या मुद्द्यावर पुढच्या बैठकीत विचार करू.

मी उठले. म्हणाले, "मिस्टर लँगडेल, तुम्ही अर्ध्या गावाचे दात उपटलेत आणि एकही कधी परत दिला नाहीत. पण दातांचं एक होतं, ते कुणाचे हे तरी तुम्ही विचारत नव्हता."

थेल्मानं माझा कोट मागून ओढला.

टेकडी उतरताना ती दोनदा थांबली. मला वाटलं गुडघा दुखतोय. दुसऱ्यांदा थांबली तेव्हा दगडी कुंपणाला टेकून म्हणाली, "तुला एक सांगते, ओरडू नकोस. आमच्याकडे त्याला लार्चफील्डचा वाडगा म्हणायचे."

"कोण?"

"सगळे. आई, बाबा. 'थेल्मा, तो लार्चफील्डचा काढ गं.' मी कधी विचारच केला नाही. आत त्यानं विचारलं तेव्हा कानात आईचाच आवाज आला."

"म्हणजे मिस हेस्टरनं दिला असणार."

"मिस हेस्टर साखरेचे खडे मोजायची, जोसी. आई सांगायची."

"पण तुमचे ते घर दाखवणारे लोकांना सांगतात, ती हिवाळ्यात गरिबांना शाली वाटायची."

"सांगतात खरं. मीही सांगते."

"मग खरं काय?"

"मला काय माहीत? दोन्ही असेल. एखादी बाई साखर मोजते आणि शाल देते." ती काठीनं ओली पानं बाजूला करत राहिली. "किंवा आईनं एखाद्या रविवारपुरता मागून आणला असेल आणि न्यायचा राहिला असेल. मी नव्हता का न्यायचा ठेवला? किंवा नुसता तसाच दिसतो म्हणून म्हणत असतील. किंवा..." आणि ती कुंपण सोडून चालायला लागली.

आता मी जे केलं ते कुणीही केलं असतं. दुसऱ्या दिवशी मी गावच्या साप्ताहिकाच्या कचेरीत गेले. गप्प बसलं की समोरच्याचं फावतं, हे मी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही, अंगावर शिकले आहे. बातमी छान आली: बंगल्यानं विधवेचा वाडगा अडवला. थेल्माचा काठीसकट फोटो. दोन दिवस लोक मला रस्त्यात थांबवून शाबासकी देत होते. तिसऱ्या दिवशी बाजारात मासेवाला कागदात हॅडॉक गुंडाळता गुंडाळता म्हणाला, "आयव्ही क्रॅबट्रीची पोर ना ती? माझी आजी म्हणायची, आयव्हीच्या हाताला सवय होती म्हणे."

मी त्याला काय म्हणाले ते इथं लिहीत नाही. मासा तिथंच ठेवला. पण एका बाजारात दोन माणसं एकच गोष्ट ऐकत नाहीत, दहा ऐकतात. दुपारपर्यंत ती थेल्माच्या दारात पोचली होती.

रोज चारच्या सुमाराला थेल्मा चमच्यानं भिंतीवर ठोकते, म्हणजे चहा झाला, ये. त्या दिवशी भिंत गप्प. शेवटी मीच गेले. ती कोट घालून खुर्चीत बसली होती, घरातल्या घरात.

"वाडगा गेला खड्ड्यात," ती म्हणाली. "मला तो नको. पण आईनं चोरला असं नको व्हायला."

"कोण म्हणतं चोरला? एक मासेवाला?"

"तू बातमी देईपर्यंत कुणी म्हणत नव्हतं."

"मी बातमी दिली नसती तर ते लोक मनात म्हणत राहिले असते."

"मनात चाललं असतं," थेल्मा म्हणाली. "आई काही मनातलं ऐकायला येणार नव्हती. मीही नव्हते ऐकणार."

बातमी दिली ते बरोबरच होतं असं मी अजूनही म्हणते. पण तिचं म्हणणं चूक कुठं आहे तेही दाखवता येत नाही.

दुसऱ्या सकाळी मी लार्चफील्डला गेले, इमोजेनशी भांडायला. सगळ्या घरावर चादरी. स्वयंपाकघरात ती एकटीच, बोटं कापलेले हातमोजे घालून तांब्याची भांडी पुसत होती. मी म्हणाले, "तुझ्या त्या आकड्यांनी एका मेलेल्या बाईची अब्रू गेली, कळतंय का तुला?"

तिनं फडकं खाली ठेवलं. "बसा ना," म्हणाली आणि एका स्टुलावरचं बोंड उचललं. त्या घरात मला कुणी बसवल्याची ती पहिलीच वेळ.

"मी रोज रात्री हाच विचार करतेय," ती म्हणाली. "तुम्हाला एक सांगू? हे स्वयंपाकघर त्यांचं नाहीच."

"कुणाचं नाही?"

"ओल्डरॉइडांचं. मिस हेस्टर वारल्या तेव्हा इथं गॅसची शेगडी होती आणि निळी कपाटं, तुमच्या-आमच्या घरी असतात तशी. मंडळानं ती काढून टाकली, व्हिक्टोरियन दिसेना म्हणून. मग गावात पत्रकं वाटली, ज्याच्याकडे जुनी भांडीकुंडी असतील त्यांनी आणून द्या. लोकांनी गाड्या भरभरून दिली. ही तांब्याची भांडी, त्या इस्त्र्या, ते वजनकाटे, सगळं गावाचं आहे."

मी फळीकडे बघितलं. "आणि हे वाडगे?"

"तेही तसेच आले असणार. कुणी काय दिलं ते कुणी लिहूनच ठेवलं नाही."

"म्हणजे हे वाडगेच जर ओल्डरॉइडांचे नाहीत, तर थेल्माचा त्यांत बसला म्हणून काय झालं? असले वाडगे घरोघर होते. कुणाचाही कुणातही बसेल."

"हो."

मला इतका आनंद झाला की मी तिला जवळजवळ मिठी मारणार होते. मग दाराशी पोचल्यावर डोक्यात दुसरंच काही आलं आणि मी परत फिरले.

"थांब. गावानं दिले म्हणतेस. आयव्ही क्रॅबट्री तेव्हा हयात होती. समज, हे बाकीचे वाडगे तिनंच दिले असतील तर? सगळा संच तिचा, तिनं एक ठेवून बाकीचे वर पाठवले. म्हणून हा बरोबर बसतो."

इमोजेन फळीकडे वळली. "मग सगळेच मिसेस हॉयलचे."

"पण तिच्याकडे आधी सगळा संच आला कुठून?"

"इथून?" इमोजेन म्हणाली. वाडगे इथून तिकडे गेले, तिकडून इथं आले, की कधी कुठं गेलेच नाहीत. आम्ही दोघी त्या थंड खोलीत वाडग्यांकडे अशा बघत बसलो की जणू त्यांच्यातला एखादा बोलेल. मी आयुष्यात पुष्कळ साहेब लोकांशी भांडले, पण ज्यात कोणती बाजू आपली हेच कळत नाही असं भांडण पहिल्यांदा पाहिलं.

मी धावत थेल्माकडे गेले आणि सगळं सांगितलं. तिनं शांतपणे ऐकलं. म्हणाली, "बाबा गेले त्या वर्षी आई सगळं काढून टाकत सुटली होती. काय कुठं गेलं, कोणास ठाऊक. वाडगे होते का आणखी? असतील. नसतीलही. मला एकच आठवतो, तोही तुम्ही सगळे त्याच्याबद्दल बोलताय म्हणून आठवतो की खरंच आठवतो, ते आता कळेनासं झालंय."

त्याच आठवड्यात मिस्टर लँगडेल स्वतः तिच्या दारात आला, बिस्किटांचा डबा घेऊन. मी तिथंच होते. बातमी त्याला झोंबली होती, पण आवाज गोड.

"आम्ही मार्ग काढलाय, मिसेस हॉयल. वाडगा तुम्हाला उसना देतो. तुम्ही आहात तोवर तुमच्याकडेच राहू दे. कुणी मागायला येणार नाही."

"उसना कुणाकडून?" थेल्मानं विचारलं.

"मंडळाकडून."

"मग नको."

मी तिला कोपरानं ढोसलं. "अगं घे. एकदा घरात आला की कोण विचारतंय."

"आईनंही तसंच केलं म्हणतील."

मी लँगडेलकडे वळले. "मग उलटं करा. ती तुम्हाला उसना देईल. वाडगा तिचा, ठेवा तुमच्याकडे, रविवारपुरता ती आणेल."

"ते कसं शक्य आहे?" तो खरोखरच गोंधळून म्हणाला. "क्रमांक आमचा आहे. स्वतःचीच वस्तू आम्ही दुसऱ्याकडून उसनी कशी घेणार?"

"अहो, पण ती तुमची आहे हेच तर ठरायचंय."

"ते ठरेपर्यंत ती आमचीच धरावी लागते. नाहीतर ठराव कशाबद्दल करायचा?"

थेल्मा आमच्या दोघांकडे आळीपाळीनं बघत होती, शाळेत दोन पोरं एका पुडिंगवरून भांडताना बघायची तशी. मग तिनं डबा उघडून लँगडेललाच त्याचं बिस्किट दिलं आणि म्हणाली, "बैठकीला येते मी."

बैठकीला ती चर्चचा कोट घालून आली. मी रात्री बसून भाषण तयार केलं होतं: गावाची पत्रकं, निळी कपाटं, न लिहिलेल्या देणग्या, सगळं. वाडगा त्या शिसवी टेबलावर मधोमध ठेवला होता, खाली पांढरा फोम. मी उठणार तोच थेल्मानं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि काठी टेकत स्वतः उभी राहिली. मी तिला चार माणसांत उभं राहून बोलताना कधी पाहिलं नव्हतं.

"मिस्टर लँगडेल," ती म्हणाली, "हा वाडगा मी लार्चफील्डला देते. भेट म्हणून. तो आयव्ही क्रॅबट्रीच्या स्वयंपाकघरातला आहे. खाली तसं कार्ड लावा, 'आयव्ही क्रॅबट्री यांच्या मुलीकडून भेट'. एवढंच."

लँगडेलचा चेहरा उजळला. एवढं सोपं होईल असं त्याला वाटलं नव्हतं. "फारच उदार मनाचं," तो म्हणाला. "मी सुचवतो, मंडळानं ही भेट आभारपूर्वक स्वीकारावी. कुणाची हरकत?"

कुणाची नव्हती. सगळ्यांचे हात वर झाले. इमोजेन लिहून घेत होती. तिचं पेन एकदम थांबलं, तिनं थेल्माकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग मान खाली घालून पुन्हा लिहायला लागली, आणि लिहून झाल्यावर लँगडेलपुढे सहीला सरकवलं. त्यानं सही केली.

बाहेर पडल्यावर मी तिच्यावर ओरडले. रस्त्यातच. "मी तुझ्यासाठी सगळ्या गावाशी वैर घेतलं आणि तू तो त्यांनाच देऊन आलीस?"

"माझा नसता तर त्यांनी माझ्याकडून घेतला असता का?"

मी थांबले. डोक्यात ते हळूहळू शिरलं. भेट घेणाऱ्यानं देणाऱ्याची मालकी मानली, आणि तीही सहीनिशी. म्हणजे आयव्ही सुटली.

"पण थेल्मा, तो खरंच तुझा होता का?"

"मला काय माहीत?" ती म्हणाली. "हळू चाल, गुडघा दुखतोय."

रविवारी पुडिंग आम्ही कपडे भिजवायच्या टबात कालवलं. नवीन टब, घासून घेतलेला, पण टबच. मनुका, बेदाणे, चरबी, अंडी, ब्रँडी, सगळं नेहमीचं. थेल्मानं डाव फिरवला, मग मी फिरवला. मागायचं काय ते मला सुचेना. आम्ही जिंकलो असं मागावं तर ते झालेलं होतं, आणि वाडगा मागावा तर तो तिनंच दिलेला. बाजारात लोक विचारत होते, "काय जोसी, मिळाला का?" मी म्हणायचे, "जिंकलो." "मग कुठाय?" "तिकडेच." लोक माझ्याकडे विचित्र बघायचे. मासेवाल्यानं मात्र काही विचारलं नाही. आयव्हीबद्दल तो पुन्हा बोलला नाही असं ऐकते, पण बोललाच तर मला कोण सांगणार.

ईस्टरला लार्चफील्ड उघडलं. चादरी निघाल्या, घड्याळं सुरू झाली. थेल्मा गेली, पण तिनं इमोजेनला सांगून आपली जागा बदलून घेतली. इतकी वर्षं स्वयंपाकघरात बसणारी बाई वरच्या मजल्यावर मुलांच्या खोलीत जाऊन बसली, लाकडी घोड्याजवळ.

"आता का?" मी विचारलं. "आता तर कार्ड लागलंय. आईचं नाव लागलंय त्या घरात. खाली बसून मिरव की जरा."

"खाली कुणी विचारलं, वाडगा तुमच्या आईकडे कुठून आला, तर?"

"तर सांग काहीतरी."

"काहीतरी कसं सांगू? ती माझी आई आहे." आणि कुणा मुलानं घोड्यावर पाय टाकला म्हणून ती काठी उचलून तिकडे वळली.

मी खाली उतरले. स्वयंपाकघरात कुणीच पहारेकरी नव्हता, स्वयंसेवक कमी पडले होते. फळीवर वाडगे होते, आणि थेल्माचा वेगळा, टेबलावर, पुढे कार्ड. मी ते वाचत उभी राहिले, आणि उभं राहण्यावरून एका बाईंना वाटलं मी इथलीच. लीड्सहून आलेल्या, चांगल्या कोटातल्या.

"या आयव्ही कोण? इथल्या स्वयंपाकीण का?"

"झाडलोट करायच्या," मी म्हणाले. "पायऱ्या घासायच्या."

"अस्सं. मग हा वाडगा मालकांनी त्यांना दिला असेल."

बाईंच्या डोळ्यांत काही वाईट नव्हतं. त्यांना एक छान गोष्ट हवी होती, घरी जाऊन सांगण्यासारखी. डोक्यात शाली आल्या, साखरेचे खडे आले, निळी कपाटं आली, गाड्या भरभरून आलेली भांडी आली.

"नाही," मी म्हणाले. "तिनं यांना दिला."

बाई "किती छान" म्हणाल्या आणि शेगडी बघायला पुढे सरकल्या. मी तिथंच राहिले. आपण आत्ता खरं बोललो की थाप मारली, हे वर जाऊन थेल्माला विचारावं असं वाटलं. पण तिलाही माहीत नाही. वर घोड्यावरून कुणालातरी उतरवल्याचा आवाज येत होता, आणि मागून आणखी माणसं स्वयंपाकघरात शिरत होती.